खिशातली टोपी

झिनाईदा : ...आणि दोन पिरोश्की म्हणजे काही खाणं नव्हे. अजून घे. होस्टेलात होतास तेव्हाही असाच चिमणीसारखा टिपायचास.

रॉडरिक : पोट भरलं, झिनाईदा पाव्लोव्हना. अगदी मनापासून आभार. फार चवदार होतं. आभार.

झिनाईदा : आभार, आभार! बत्तीस वर्षं झाली तुला आपलं वरोनेझ शहर सोडून, खोड काही गेली नाही. ताया, हाच बरं का तो रोद्या. इंग्लंडचा. होस्टेलचा तिसरा मजला, खोली तीनशे सात. खरं नाव रॉडरिक, पण ते कोण म्हणत बसणार!

ताया : आजी, सकाळपासून हे दहाव्यांदा सांगतेयस.

झिनाईदा : सांगणारच. पुस्तक लिहिलंय त्याने, आणि त्यात मी आहे. अख्ख्या जिन्याला सांगितलंय मी. खालची गालिना नाक मुरडून म्हणते, "होस्टेलच्या दारावर बसणाऱ्या बाईवर कोण लिहितं?" म्हटलं, थांब, येतोय तो. स्वतः वाचून दाखवणार आहे. चल रोद्या, काढ पुस्तक.

रॉडरिक : आत्ता? आधी आणखी थोडा चहा घेऊ या का?

झिनाईदा : चहा कुठे पळून चाललाय? वाच.

रॉडरिक : इंग्रजीत आहे ते.

झिनाईदा : मग आपल्या भाषेत सांग. एवढं छान बोलतोस की अजून.

रॉडरिक : बरं. हं... "होस्टेलच्या दारात एक प्रेमळ बाई बसायची. तिचे डोळे निळे होते. सगळ्या मुलांना ती आईसारखी वाटायची..."

झिनाईदा : ऐकलंस, ताया? आईसारखी!

ताया : ऐकलं. बघू जरा पुस्तक, रोद्याकाका.

रॉडरिक : कशाला? अक्षर फार बारीक आहे.

ताया : मी शाळेत इंग्रजी शिकवते. बारीक अक्षरच तपासते दिवसभर. द्या... आजी, इथे तसं काही नाहीये.

रॉडरिक : ताया, कृपा करून...

झिनाईदा : मग काय आहे?

ताया : राहू दे आजी. चहा ओतू का?

झिनाईदा : तीस वर्षं दारावर काढलीत मी. "काही नाही" म्हणत पिशवी पाठीमागे लपवणारी पोरं मला कळायची. वाच.

ताया : "दारात एक बाई बसलेली असे. चेहरा दगडाचा. वर्षभरात ती एकदाही हसली नाही. मी बाहेर पडलो की ती घड्याळ बघे आणि वहीत लिहीत असे. परत आलो की पुन्हा लिहीत असे. या देशाबद्दल मला घरी जे जे सांगून पाठवलं होतं, ते सगळं त्या एका खुर्चीत बसलेलं होतं." पुढे अजून आहे. वाचू?

झिनाईदा : नको. नाव घातलंय?

रॉडरिक : घातलंय. नुसतं झिनाईदा.

झिनाईदा : बरं केलंस. म्हणजे शोधायला नको कुणाला.

रॉडरिक : मला क्षमा करा. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो... नाही, हेही खोटंच. लिहिलं तेव्हा पंचेचाळिशीचा होतो. जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा सांगितली ती गोष्ट, सगळे इतके खूश व्हायचे, की मलाच ती खरी वाटायला लागली. इथे येताना विमानात ठरवलं होतं, तुम्हाला खरं सांगायचं. आणि तुम्ही पिरोश्की वाढलेत.

झिनाईदा : या जिन्यावरच्या बायकाही मला तेच समजतात, रोद्या. तोंडावर नाही म्हणत. मी आले की गप्पा थांबतात, बस. दारावर बसायची, वही लिहायची, म्हणजे चहाडखोरच असणार! मला वाटलं होतं, बाहेरून आलेला एक माणूस तरी निराळं सांगेल. एवढीच हाव होती मला. आता गालिनाला काय सांगू मी?

ताया : काही सांगू नकोस. ती कोण लागून गेली!

झिनाईदा : तू थांब. वही लिहायचे हे काही खोटं नाही. पलंगाखालची सुटकेस ओढ. वरचे पडदे काढ बाहेर. खाली हिरव्या पुठ्ठ्याची वही असेल, ती आण.

रॉडरिक : ती वही? तुमच्याकडे कशी राहिली?

झिनाईदा : माझीच होती, माझ्याकडेच राहणार. वाच गं. जानेवारी काढ.

ताया : "सतरा जानेवारी. उणे एकोणतीस. रोद्या, नऊ वाजता बाहेर. टोपी नाही. हाक मारली. हसला आणि गेला." "अठरा जानेवारी. रोद्या बाहेर. टोपी खिशात. हसला." "एकोणीस जानेवारी. पाच वाजले, रोद्या नाही. अंधार पडला. स्तेपानिचला चौकापर्यंत पाठवलं. सहा वीस, आला. कान लाल. चहा दिला, मध घालून."

रॉडरिक : स्तेपानिच म्हणजे राखाडी कोटवाला? थोडा लंगडत चालणारा?

झिनाईदा : तोच. बॉयलर सांभाळायचा आपला.

रॉडरिक : अरे देवा. पुढच्याच पानावर आहे तो. "राखाडी कोटातला एक माणूस सतत माझ्या मागावर असे."

झिनाईदा : स्तेपानिच मागावर? अरे, त्याला स्वतःचा चष्मा सापडायचा नाही! दर वेळी माझ्याशी भांडायचा, "झिना, या थंडीत मला कशाला त्या इंग्रजाच्या मागे पळवतेस?"

ताया : पण आजी, पानंच्या पानं याच्यावरच आहेत. बाकीच्या पोरांचं काहीच कसं नाही?

झिनाईदा : ते... जाऊ दे ना. रागावेल तो.

रॉडरिक : आज मी कुठल्या तोंडाने रागावणार? सांगा.

झिनाईदा : तू हसायचास.

रॉडरिक : म्हणजे?

झिनाईदा : किल्ली घेताना हसायचास, देताना हसायचास. ट्राममधल्या अनोळखी माणसांना हसून दाखवायचास. पोस्टातली बाई तर मला विचारायला आली, "झिना, तुझ्याकडचं ते पोर हसतं कशाला?" कारण नाही, काही नाही, नुसतं आपलं हसायचं! चांगलं शहाणंसुरतं माणूस असं करतं का? आम्हाला वाटलं, पोर डोक्याने जरा कमी आहे.

ताया : आजी!

झिनाईदा : आता खरं सांगायचंच तर सांगते. म्हटलं, इंग्रज काळजाचे थंडच, ऐकून होतो आम्ही. हे असलं भोळं लेकरू एवढ्या लांब एकटं धाडलंय आईबापांनी. कुठेतरी बर्फात हसत बसेल आणि गोठून जाईल. मग मी काय करणार? घड्याळ बघायचे. जेवणघरातल्या क्लावाला सांगून ठेवलं होतं, याला डावभर जास्त वाढ गं, याचं कोणी नाही.

रॉडरिक : म्हणून मला दोन दोन कटलेट यायची? मला वाटायचं, हे लोक मला फितवताहेत.

झिनाईदा : कटलेटांनी? एवढा स्वस्त होतास तू?

रॉडरिक : एक विचारू? दर शुक्रवारी तो एक माणूस यायचा, काळी बॅग घेऊन. तोही माझ्या मनाचाच खेळ होता?

झिनाईदा : नव्हता. यायचा तो. खोटं कशाला बोलू? त्याची वही निराळी, ती तो सोबत घेऊन जायचा. तिच्यात मी लिहायचे : सगळे वेळेवर, सगळे अभ्यासात. मे महिन्यात तुम्ही चौघं नदीवर गेला होतात आणि सकाळी चिखलाने माखून आलात, आठवतं? तेव्हाही त्या वहीत तू वेळेवरच होतास.

रॉडरिक : तुम्ही सांगितलं का नाहीत कधी?

झिनाईदा : वेड्याला कोणी सांगतं का, मी तुला वेडा समजते म्हणून?

रॉडरिक : नवी आवृत्ती निघणार आहे. ते पान मी काढून टाकतो.

झिनाईदा : काढू नकोस. तुला वाटलं ते वाटलं. चेहरा दगडाचा होताच माझा, दारावर हसत बसले असते तर एक पोर ऐकलं नसतं. पण पुढे हेही लिही. मध लिही, स्तेपानिच लिही. मी तुला काय समजत होते तेही लिही. नाहीतर गालिना म्हणेल, पढवून घेतलं.

रॉडरिक : लिहितो. आधी गालिनाला वाचून दाखवतो, मग छापतो.

झिनाईदा : हां. हे बोललास शहाण्यासारखं.

ताया : आजी, ही शेवटची नोंद. "चौदा जून. रोद्या, अकरा वाजता बाहेर. सामान घेऊन." पुढे परत आल्याची जागा कोरीच आहे.

झिनाईदा : गेला होता ना तो. काय भरणार? आण, पेन आण. तूच लिही. बारा फेब्रुवारी. रोद्या, दोन वाजता परत आला. टोपी... टोपी होती का रे येताना?

रॉडरिक : होती. ही बघा, खिशात.

झिनाईदा : खिशातली टोपी मी कधी धरलेली नाही. लिही, टोपी नाही.

ताया : लिहिलं. आजी, ते हसताहेत बघ.

झिनाईदा : हसू दे. आज कारण आहे.