मंगळवारी कोण बसलं होतं?

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरली कुजबुजत होती.

"जावयानं माझ्या कॉम्प्युटरवर नवीच सिस्टीम टाकली. एक गोष्ट जागेवर नाही."

"अगं ताई, जुनी बंद पडणार होती ना? होईल सवय."

"सवय कसली! सारखा पासवर्ड मागतं. माझ्याच घरात माझी चौकशी! शेवटी लिहून पडद्यालाच चिकटवला."

"मग झालं तर."

"झालं काय? माझ्या आठवणी लिहितेय ना, ती फाइल मंगळवारी उघडली होती असं दाखवतंय. मंगळवारी मी हॉस्पिटलात होते!"

"मशीनचं काहीतरी चुकलं असेल."

"जावईच वाचत बसला असणार. हल्ली नजर चुकवतो माझी."

"उगाच त्याच्यावर आळ घेऊ नकोस."

"मग कोण? घराची किल्ली त्याच्याकडे, नाहीतर तुझ्याकडे."

धाकटीनं पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"बोल की."

"आईच्या शेवटच्या दिवसांत मी मुद्दाम आले नाही, असं तू लिहायला नको होतंस, ताई. मला खरंच रजा मिळाली नव्हती."

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?"

आतून थोरलीचा नंबर पुकारला. ती जागची हलली नाही.