शुक्रवारचं बंद दार

आईचे दिवस करून मी चौलहून परत निघाले होते. एसटीत पुढच्या बाकावर दोन शेजारणी बोलत होत्या.

“हुस्नबानू, दर शुक्रवारी भरदुपारी तुझं दार बंद का गं असतं?”

“आत आमची आफरा मोबाइलवर बोलते, गोदू. पुण्याच्या समुपदेशक बाई हायत.”

“सुनेच्या डोक्याला काय झालं?”

“डोकं शाबूत हाय. पोरगी इनशा रडली की आफरा तिला मारायची, मग स्वतःच न्हाणीत जाऊन रडायची. आता राग आला की पोर माझ्याकडं देते आणि ओट्यावर जाऊन बसते. एक चापट न्हाय मारली ईदपासून.”

“त्या बाईला तुझ्याच चुगल्या सांगत असेल.”

“सांगू दे की. मला ऐकू येऊ नये म्हणून मी अंगणात मसाला कुटत बसते.”

“दर शुक्रवारी?”

“आमचा संपला. आता शेजारपाजारचा कुटते. तुझ्या मिरच्या असल्या तर आण.”

“आणि कुवेतला तुझा फैझान? त्याला चालतं?”

“चिडला. घरातलं बाहेर कशाला, बंद कर म्हणाला. मी म्हटलं, मग तू ये आणि पोर सांभाळ.”

“मग?”

“फोन कट केला. परवा परत फोन आला. म्हणतो, अम्मी, मला इकडं झोप लागत न्हाय. त्या बाई माझ्याशी बोलतील काय?”

“मग दिलास नंबर?”

“न्हाय. म्हटलं, आफराला विचार. बाई तिनं शोधली हाय.”