किल्ली गेली घरच्या ग्रुपवर

हॅलो?… हो, मीच. बोल सूनबाई, ऑफिसातून एवढ्या घाईनं?… कुठल्या ग्रुपवर? आपल्या घरच्या?… थांब, बघते…

अगं बाई. ही तर सर्व्हरची गुप्त किल्ली. तुला म्हणून पाठवली होती मी… हो, काल तू 'तयार झाली की कळवा' म्हणालीस, 'पाठवा' नाही. चुकले. आणि पाठवली तीही सगळ्या खानदानाला… काढली, काढली. किती जणांनी पाहिली? अकरा?… तुझ्या बाबांनी तर खाली हात जोडलेत. न वाचताच जोडतात ते, मला माहितीये.

हसू नकोस. सव्वादहा झालेत… हो, तीच मुलगी. आपल्या मदतकेंद्राच्या साइटवर रोज अकराला लिहिते, कामावरच्या कॉम्प्युटरवरून. काल म्हणाली, उद्या पत्ता देते, मला न्यायला या. आणि नेमकी काल संध्याकाळीच साइट खरी असल्याच्या सर्टिफिकेटची मुदत संपली. आता पान उघडलं की लाल पाटी येते, 'ही साइट सुरक्षित नाही'. दार वाजलं तरी दचकणारी पोर ती. पाटी बघून परत फिरेल, आणि मग कधीच यायची नाही.

काय?… आज हीच किल्ली चालवू, उद्या बदलू?… घरच्यांनीच तर पाहिलीये?

अगं ऐक ना. ती घरच्यांपासूनच लपून लिहिते. आणि घरच्या ग्रुपवर फिरून आलेली किल्ली मी तिच्या दाराला लावू?… नाही. जमणार नाही. पुन्हा पहिल्यापासून.

आणि तू नाही करायचंस. तू सांग, मी करते. तू रजेवर असलीस की मी काय कपाळाला हात लावून बसू?… आज तू सासू, मी सून. चल, सांग.

हो… काळी खिडकी उघडली… जुनी किल्ली पुसली. नवीन करायची कमांड… वहीत आहे, पान चार… अगं कमांडच लिहिलीये, किल्ली नाही. एवढी काही मी… बरं, बरं.

झाली. ही कुणाला पाठवणार नाही. तुलाही नाही.

आता सर्टिफिकेट मागते… चष्मा कुठे… हं, एंटर.

… नाही म्हणतंय… वाचते, थांब. 'तुमच्या साइटपर्यंत पोचता आलं नाही.'… म्हणजे साइट आपलीच आहे ना हे बघायला सर्टिफिकेट देणारे येणार, आणि आपणच दार लावून बसलोय?… कुठलं दार? ऐंशी नंबरचं?… ते मीच लावलं गं, काल. तू म्हणालीस सर्व्हरची नको ती दारं, म्हणजे ते पोर्ट, बंद करा. मला जी ओळखीची वाटली नाहीत ती सगळी लावली… हो, अति तिथे माती. कबूल.

दहा पन्नास… नाही, तू हात लावू नकोस. डोकं ठिकाणावर आहे माझं. उघडलं ऐंशी. पुन्हा एंटर…

…

मिळालं. 'अभिनंदन' म्हणतंय… हो, हो, सर्व्हरला नवीन सर्टिफिकेट घ्यायला लावते… लावलं. पान उघडतेय… लाल पाटी गेली गं. साधं पान दिसतंय. वर पत्त्याशेजारी कुलूप आहे, एवढंसं… रडतेय, हो. रडू दे ना मिनिटभर.

अकरा वाजले… फोन ठेवू नकोस. थांब जरा.

अकरा दोन… नाही अजून.

अकरा पाच… सकाळी येऊन पाटी बघून गेली असेल का गं?… नको, तसं नको बोलूस. नऊ आठवडे झाले, एक दिवस चुकली नाही ती. मी इथून हलणार नाही.

…

थांब. आलं काहीतरी… तिचंच. 'मॅडम, आहात का?'… आणि खाली पत्ता. आख्खा, मजल्यासकट.

… कुठला म्हणजे?… नाही गं. ते तुलाही सांगणार नाही. तू पोटच्या पोरीसारखी, तरी नाही… रागावलीस?… मग ठेव आता. ती वाट बघतेय.