टाचण्यांचं लोहचुंबक

गोड आवाज म्हणालात? — हात जरा वर धरा ताई, छातीचं माप राहिलंय — हो, माझीच मुलगी ती, आत हुक लावत गात बसलीय. पण तुम्ही आवाजाचं कौतुक केलंत आणि माझ्या काळजात चर्र झालं बघा. का म्हणजे? तिला फिट येते. लहानपणापासून. औषधांपुढे सगळ्यांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी छातीत मशीन बसवलं — हे इथे, काडेपेटीएवढं — आणि त्याची तार मानेतल्या नसेला. थोड्या थोड्या वेळाने ते नसेला झटका देतं, नस म्हणे मेंदूला शांत करते. आणि झटका चालू असला की आवाज बसतो. पार घोगरा. आता माझं असं होऊन बसलंय, की ती घोगरी बोलली की मला हायसं वाटतं. चला, मशीन चालू आहे! हसू नका हो.

तर काय सांगत होते — पोट आत ओढू नका, मग कपडा घट्ट होतो अन् बोल मला — त्या मशीनवर लोहचुंबक धरून ठेवलं की ते बंद, काढलं की परत चालू. आणि शिवणाच्या दुकानात लोहचुंबकाला काय तोटा! सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं आमचं, मागे एकदा सापडेचना. दुकान पालथं घातलं. मिळालं कुठे? तिच्या कुर्त्याला आतून, बरोब्बर मशीनवर, खिसा शिवून त्यात! टाका दिसेल तर शपथ. मीच शिकवलंय ना. खूप ओरडले. तर म्हणते, “आई, फिट तशीही येते, अशीही येते. मग आवाज तरी माझा राहू दे.”

खोटं कुठे आहे? मशीनने काय उजेड पाडला? जरा कमी झालं, मग पहिले पाढे पंचावन्न. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. कशाची बघू? मला नाही वाटत आता काही होईल. हे तिच्यासमोर बोलत नाही मी.

तेव्हा लोहचुंबक काढून घेतलं होतं. आज सकाळपासून परत दिसत नाहीये, आणि — कुणाला सांगू नका — मी शोधलंही नाही. ऐकत बसलेय नुसती. काढून घेईन की. घेणारच आहे. एवढं गाणं होऊ दे.

झालं माप. परवा या — थांबा. गप्प का झाली? अगं ए! — नाही, तुम्ही नका येऊ आत. जा ताई. जा म्हणते ना!