ताजे आकडे

पांढरकवड्याच्या स्टँडवर वणीच्या बसचा पत्ता नव्हता. निलोफर मोबाईल चाळत बसली होती, पण कान मागच्या बाकड्यावर होते. तिथं पेपर वाचणारे एक काका अन् शेजारी थैली मांडीवर घेतलेली बाई.

"हायवेवरच्या अपघातांचे ताजे आकडे आले पाहा, ताई."

"यंदाचे हायेत का?"

"नाई. दोन सालाआधीचे."

"अन् ताजे म्हणता?"

"सरकारले मोजाले टाईम लागते."

"कापसाचा भाव त रोज येते."

"भाव रोज बदलते न!"

"माणसं बी रोजच मरून राह्यले, भाऊ. महिन्याच्या महिन्याले त सांगा म्हणा."

"कायले? लोकं भिऊन गाडीच काढनार नाई. सालातून एकडाव बस झालं."

"मंग यंदाचे कधी येतीन?"

"अजून दोन साल धरा. तुम्हाले काहून पाह्यजे?"

"आमचे हे पोळ्याच्या बाजारातून बैलाचा साज घेऊन येत होते. हायवेवरच गेले."

"अरे बापा. यंदाच?"

"हो, यंदाच. म्हणजे सरकारच्या हिशोबानं ते अजून घरी येऊन राह्यले."