पान सत्त्याऐंशीवरची नदी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे सर, वहिनी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले सहकारी, सर्वांना नमस्कार.

मी विभागाची टंकलेखिका. सरांनी लिहिलेला आदिवासी साहित्याचा इतिहास मीच टाइप केला. तो माझ्याच लोकांचा इतिहास. सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, पण ते असो.

आमच्यात एक रीत आहे. परक्यापुढे गाणं म्हणायचं तर त्यात एक चूक मुद्दाम ठेवायची. प्रत्येक गाणारीची चूक वेगळी. तीच तिची सही. सासरी निघालेल्या मुलीचं एक गाणं माझ्या आत्यानं रचलं. त्यात मुलगी आधी डोंगर चढते, मग नदी ओलांडते. परक्यापुढे मात्र आत्या तिला आधी नदी ओलांडायला लावते. बावीस वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात सरांच्या टेपरेकॉर्डरसमोर ती असंच गायली.

पुस्तकात पान सत्त्याऐंशीवर तेच गाणं आहे. आधी नदी. खाली छापलंय, 'कर्ता अज्ञात. डोंगरापलीकडच्या एका वृद्धाकडून मिळाले.' आत्याच्या टेपा हरवल्या म्हणाला होतात ना, सर? मग आत्याची चूक त्या वृद्धाच्या तोंडी कशी गेली? विसर पडला असेल, अशी मी बरीच वर्षं मनाची समजूत घातली. आता पटत नाही. टाइप करताना मीही गप्प बसले. नोकरी नवी होती. त्याची मला लाज वाटते.

परवा आत्याला ते पान वाचून दाखवलं, तर म्हणाली, "अज्ञात? अगं, दोनदा चहा मागून घेतला की त्यानं माझ्याकडून!"

नवी आवृत्ती सोमवारी छपाईला जाते. आत्या इथेच तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचं वय पाहता त्यापुढच्या आवृत्तीची वाट बघणं मला जमणार नाही. सर, तुमच्यासमोरच्या पुष्पगुच्छाखाली त्या पानाचं प्रूफ ठेवलंय. पेनही आहे. तिचं नाव तुमच्याच अक्षरात हवंय, मुंग्या चालतील.

आपण सर्वांनी एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. सरांना मी आज परकं मानलेलं नाही, म्हणून मुद्दाम चूक एकही ठेवली नाही. नकळत राहिली असेल, तर तेवढी माफ करावी.