न्हाणीतला रोल

(शिरोडा. न्हाणीघराच्या दारात सासू सुभद्रा आणि सून नम्रता. नम्रताच्या हातात फिल्मचे रोल धुवायच्या औषधाची बाटली.)

नम्रता : आई, ह्या बाटलीला हात लावलात? खरं सांगा हां!

सुभद्रा : लावलंय तर! तूच म्हटलंस ना, आत हवा रवली तर औषध बिघडता? अर्धी रिकामी दिसली, बावीचा पाणी घालून काठोकाठ भरलंय. मिठातल्या आंब्यांची बरणी आमी अशीच ठेवतंव.

नम्रता : अहो आई! पाणी नाही घालायचं! औषध काठापर्यंत वर यायला आत गोट्या टाकायच्या, म्हणून आणल्या होत्या ना मी!

सुभद्रा : त्यो गोटयो? शेजारच्या भक्तीच्या चेडवाक खेळूक दिलंय.

नम्रता : संपलं! हे डेव्हलपर आधीच दोन रोल धुऊन दमलेलं, त्यात तुमची विहीर!

सुभद्रा : औषध दमता?

नम्रता : नारळाचा तिसरा रस काढलात तर?

सुभद्रा : शी! पांचट. त्याची सोलकडी होवची नाय.

नम्रता : तसंच. आणि आज धुवायचाय बाबा गेले तेव्हापासून त्यांच्या कॅमेऱ्यात अडकून राहिलेला रोल. फिका आला तर परत धुता येत नाही. बाबांचे हे शेवटचे फोटो.

सुभद्रा : माझ्या देवा! हे आसतले त्यात, तुझो घोव मितेश ल्हान आसतलो! मी नाय म्हणा. फोटो काढणारी मीच, आल्बमात मी खंयच नाय. पण हे... सगळा घालवलंय मा मी?

नम्रता : रडू नका. दोन करवंट्या द्या बरं. एकीत हे, एकीत नव्या बाटलीतलं. आता फिल्मचं उजेड लागलेलं टोक कापून त्याचे तुकडे दोन्हीत बुडवू; औषध चांगलं असेल त्यात तुकडा काळा होईल.

सुभद्रा : अगे, ह्या बघ! नव्यातला काळा कुळकुळीत!

नम्रता : आणि तुमच्यातलं?

सुभद्रा : राखेसारखा. फुकट गेला मेला!

नम्रता : म्हणून नवंच घ्यायचं. एकदा वापरायचं, ओतून टाकायचं.

सुभद्रा : ओतून? एवढा महाग? दुसऱ्या रोलाक ठेव गो!

नम्रता : आई, पुन्हा?

सुभद्रा : बरा, बरा, ओत! माझा तोंड बंद.

(नम्रता आत जाते, दार लागतं. आत रोलचा डबा उलटसुलट होतो, पाणी वाहतं.)

सुभद्रा : इला काय? सांग गो लवकर, काळीज धडधडता माझा!

नम्रता : आलं! आई, दाट आलंय! या, या! ओलं आहे, कडेनं धरा.

सुभद्रा : ह्यो माड... ही आमची होडी... ह्यो मितेश, उघडोच! आणि हे! हे बघ, लुंगी सावरतत! सगळे मीच काढलेले.

नम्रता : मग हा शेवटचा कोणी काढला?

सुभद्रा : खंयचो?

नम्रता : हा. बाई हसतेय ना?

सुभद्रा : अगे... ही मी. ह्येंनी कधी काढल्यानी? माका कळूकच नाय!

नम्रता : आई, आत्ता छापूया! इथे निगेटिव्हवर काळ्याचं पांढरं दिसतं, कागदावर केस काळेभोर येतील बघा.

सुभद्रा : वायच थांब गो. असोच ऱ्हवांदे. ह्येंनी माका पांढऱ्या केसांची बघूकच नाय.